काचेतून चाललेलं मीठ

कासू, ता. पेण
२ जुलै २०२५

चि. रोहिणीस काकाचा आशीर्वाद, थोडा घाईतला.

खिशात फोन असताना काकाला पत्राची अवदसा कुठून आठवली, असं तू म्हणशील. कारण आहे. मला कमी ऐकू येतं, म्हणून मी फोन स्पीकरवर लावतो. स्पीकरवर लावला की तुझ्या काकीच्या गुडघ्यापासून तुझ्या नाइट शिफ्टपर्यंत सगळं पारावर जाहीर होतं. आता जे सांगायचं आहे ते हैबतरावाच्या कानावर गेलं तर माझी धडगत नाही. म्हणून हे पत्र जनीच्या टोपलीत, सुकटीच्या खाली घालून पाठवतो. ती ट्रेननं रोह्याच्या बाजाराला येतेच. हैबतरावाची मेहुणी असली तरी दुसऱ्याचं पत्र वाचणारी बाई नाही ती.

तर झालं असं. देवळात गणपतीची मीटिंग होती. जुन्या काचेच्या हंड्या मंडपात टांगायच्या, त्यांना वायर गुंडाळायची की नाही, एवढाच प्रश्न. मी म्हटलं, "गुंडाळा बिनधास्त. काचेतून वीज जात नाय." झालं, हैबतराव उठला. "जाते!" त्याला काचेतलं काय कळतं? भातशेतीवाला माणूस, उन्हाळ्यात पालापाचोळ्याचा राब भाजून गावाला धूर खायला घालतो तेवढंच. पण मी बुधवार म्हटलं की त्याला गुरुवार म्हणावंच लागतं. मीही मिठागरातला आहे, मागे कसला सरतो! शब्दाला शब्द वाढला आणि अकरा मेंबरांसमोर नारळावर हात ठेवून पैज लागली.

वीज जात नाही असं ठरलं तर हैबतरावानं आरतीला ढोलकी वाजवणं कायमचं सोडायचं. बावीस वर्षं तो आरतीच्या पुढे एक कडवं पळतो आहे, त्यामुळे सगळं गाव मनातून माझ्या बाजूला आहे. पण जाते असं ठरलं तर मी मांडी सोडायची.

मांडी म्हणजे काय ते तुला ठाऊक आहे. एकतीस वर्षं पेणच्या कारखान्यातून गावचा गणपती टेंपोत ड्रायव्हरच्या शेजारी बसून मीच मांडीवर घेऊन आणतो. आम्हाला मूलबाळ नाही. या मांडीवर दोघंच बसले, लहानपणी तू आणि दरसाल तो. तू तर नोकरीला गेलीस.

तेव्हा एवढंच कर. तुझ्या काचेच्या कंपनीच्या प्रयोगशाळेच्या कागदावर लिही, की काचेतून वीज जात नाही. खाली गोल शिक्का मार. मोठा बघून मार, आपल्या लोकांना अक्षरापेक्षा शिक्का लवकर पटतो.

तुझाच, छातीत धडधडणारा
महिपतीकाका

---

रोहा
७ जुलै २०२५

काका, नमस्कार, आणि आधी पाणी पिऊन घ्या.

तुमचं पत्र मी प्रयोगशाळेत उघडलं. सुकटीचा असा घमघमाट सुटला की साहेब दोन टेबलं ओलांडून आले आणि कुठलं रसायन सांडलं म्हणून विचारू लागले. गावाकडचं आहे म्हटलं.

काका, साध्या, गार काचेतून वीज जवळजवळ जात नाही. खिडकीची काच, बरणी, तुमच्या हंड्या, यांच्यातून काही जाणार नाही. तेवढं तुमचं बरोबर.

पण काच लालबुंद तापवली की तिच्यातून वीज जाते. चांगली जाते. काच बाहेरून कितीही घट्ट दिसली तरी आत एक वेडंवाकडं जाळं असतं आणि त्याच्या पोकळ्यांत सोडियमचे कण बसलेले असतात. प्रत्येक कणावर विजेचा भार असतो. गार काचेत ते आपापली जागा धरून बसून राहतात. उष्णता मिळाली की अंगात बळ येतं, मग शेजारची जागा रिकामी दिसली की उडी मारतात. यानं सोडलेली जागा मागचा घेतो, त्याची त्याच्या मागचा. असे अगणित कण एकाच दिशेला सरकले की वीज वाहिली म्हणायची.

पैज लावताना तुम्ही 'गार काच' असं म्हणाला होतात का? म्हणाला असाल तर वाचलात. नसाल तर मी खोटा कागद देणार नाही. शिक्का माझ्या हातात नाही, आणि असता तरी मारला नसता.

काकीच्या गुडघ्याला तेल चोळता ना रोज?

तुमची
रोहिणी

---

कासू
१२ जुलै २०२५

चि. रोहिणी, तुझ्या काकाचा विजय झाला!

परवाच्या मीटिंगमध्ये तुझं पत्र मी मोठ्यानं वाचून दाखवलं. "साध्या, गार काचेतून वीज जवळजवळ जात नाही. तेवढं तुमचं बरोबर." इथवर वाचलं आणि मला खोकला आला. खोकल्यात पुढचा कागद आपोआप दुमडला गेला. 'जवळजवळ' हा शब्दही त्या खोकल्यातच गेला, त्याला मी काय करणार? टाळ्या पडल्या. हैबतरावानं ढोलकी माळ्यावर टाकली. दोन दिवस गावात इतकी शांतता आहे की कुत्रीसुद्धा बिचकून वावरतात.

पण मला एक गोष्ट स्वस्थ बसू देत नाही. तू लिहिलंस सोडियम. आमच्या मिठागरात एकदा पाणी तपासणारे आले होते, ते म्हणाले होते की मिठात सोडियम असतं. मग काचेत चालणारं ते आमचं मीठ की काय? खात्री करायला मी खिडकीची काच चाटून पाहिली. खारट लागली. तुझी काकी म्हणाली, "अवो, ती खारट नाय तर काय व्हील, खाडीचं वारं लागतंय तिला!" म्हणून कपाटातली बरणी चाटली. ती कैरीच्या लोणच्याची निघाली. तेव्हापासून काकीनं घरातली सगळी काच पेटीत घालून कुलूप लावलं आहे. मी चहा पितळेच्या भांड्यातून पितो आणि ओठ भाजून घेतो.

तेव्हा शास्त्राप्रमाणे सांग. मीठ आहे का नाही?

विजयी
महिपतीकाका

ता.क. रोहिणी, मी जनी. मी पत्र वाचलं नाय. पण तुझा काका लबाडी करतोय गो. ट्रेन नागोठण्याला रखडली, बसून बसून माणूस काय करणार?

---

रोहा
१८ जुलै २०२५

काका,

राग आला आहे, आणि तो लपवत नाही. माझं पत्र दुमडून वाचलंत! मी लहान असताना पेढा एकच खाल्ला म्हणून खोटं बोलले होते, तेव्हा तुम्ही मला मिठागराच्या बांधावर नेऊन म्हणाला होतात, इथं उभी राहून खरं सांग, मीठ खोट्याला खपवून घेत नाही. आता तुम्ही कुठल्या बांधावर उभे राहणार?

प्रश्नाचं उत्तर मात्र देते, कारण ते तुम्हाला आवडेल. हो, मीठच. काच करताना वाळूत सोडा घालतात आणि तो सोडा कारखान्यात मिठापासून करतात. आमच्या बाटल्यांच्या शंभर किलो काचेत तेरा-चौदा किलो तरी तो असतो. चाटून चव लागणार नाही, कारण ते सोडियम आता मीठ राहिलेलं नाही. पण आलं ते मिठातूनच. वाळू जागची हलत नाही. वीज नेण्याचं काम ते मिठातलं सोडियमच करतं.

बुधवारी साहेबांची परवानगी काढून मी प्रयोग केला. काचेच्या कांडीच्या दोन टोकांना तारा जोडल्या, मध्ये एक दिवा घातला. दिवा बंद. मग ज्योतीनं कांडी तापवत गेले. आधी मंद लाल, मग लालबुंद, मग केशरी, आणि दिवा लागला! काका, मी ज्योत बाजूला केली तरी तो जळत राहिला, कारण आतून जाणारी वीजच कांडीला गरम ठेवत होती. काचेच्या कंपनीत चार वर्षं काम करूनही मी हे डोळ्यांनी पाहिलं नव्हतं. मला एकदम तुम्ही आठवलात, फळीनं मीठ ओढणारे. (घरी असलं काही करू नका. हे हात जोडून सांगते.)

सगळं पत्र वाचा आता. मांडी गेली तर मलाही वाईट वाटेल, फार वाटेल. पण चोरून ठेवलेल्या मांडीवर गणपती बसवाल कसा?

रोहिणी

ता.क. जनीमावशी, नमस्कार. पत्र वाचू नका. सुकट छान होती.

---

कासू
३० जुलै २०२५

चि. रोहिणी,

बारा दिवस लिहिलं नाही, कारण इथं लढाई चालू होती.

तुझं पत्र माझ्या हातात पडायच्या आधीच जनीनं ते हैबतरावाला तोंडपाठ म्हणून दाखवलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी तो माळ्यावरची ढोलकी काढून माझ्या अंगणात वाजवत उभा. मी बाहेर आलो आणि सगळ्यांसमोर कबूल केलं. तू बांधाची आठवण काढलीस, मग दुसरं काय करणार होतो! म्हटलं, "कागद दुमडला माझ्या हातानं. तापल्या काचेतून वीज जाते. मी हरलो."

तिथंच थांबलो असतो तर बरं होतं. पण तोंडून पुढचं निघालं, "पण मला हरवलं कुणी? तर माझ्या मिठानं! वीज नेतो तो माझा मीठ. म्हणजे जिंकलो मीच!" हैबतराव म्हणाला, जाते असं बोलला कोण? मी म्हटलं, नेतो कोण? तो म्हणाला, बोलला कोण? असं दुपारपर्यंत चाललं. अकरा मेंबरांपैकी पाच त्याचे, पाच माझे, आणि अकरावे जेवायला गेले ते परत आलेच नाहीत.

मग हैबतरावानं नवीनच टूम काढली. त्याच्या जावयानं फोनमध्ये पाहून सांगितलं म्हणे, की काचेत राखेतला क्षारही असतो. राख म्हणजे राबाची, आणि राब म्हणजे हैबतराव! आता तो म्हणतो वीज त्याची राख नेते.

आपल्याकडची रीत तुला माहीत आहे, मूर्ती ज्याच्या पाटावर बसते त्यानं ती आणायची. मी गुपचूप पेणला जाऊन पाट देऊन आलो. तिथं हैबतरावाचा पाट आधीच टेकवलेला. कारखान्यातला कमळाकर डोक्याला हात लावून बसला आहे. म्हणतो, "काका, एका गणपतीला दोन पाट. मी काय अर्धा हिकडं, अर्धा तिकडं बसवू? गावानं ठरवून एक माणूस सांगा, नायतर मूर्ती रंगवणार नाय." चतुर्थीला चार आठवडे राहिलेत आणि गावचा गणपती पांढराफटक उभा आहे.

तेव्हा लवकर लिही, की राखेची गोष्ट खोटी आहे.

जिंकलेला किंवा हरलेला
महिपतीकाका

ता.क. मी जनी. तोंडपाठ नाय म्हटलं, मधलं थोडं विसरले व्हते.

---

रोहा
५ ऑगस्ट २०२५

काका,

राखेची गोष्ट खरी आहे. राखेत पोटॅशियम असतं आणि काही काचांत ते घालतात. तेही सोडियमसारखंच जागा बदलत चालतं आणि वीज नेतं. म्हणजे मिठाची काच वीज नेते, राखेची काचही नेते.

आता पुढचं नीट वाचा, आणि या वेळी खोकू नका.

दोन्ही निम्मं-निम्मं घातलं तर दुप्पट वीज जाईल, असं वाटतं ना? मलाही वाटलं होतं. साहेबांनी तसली एक कांडी दिली. तापवली, ज्योत धरून हात दुखला, तरी दिवा लागेना. शेवटी कसाबसा लाल होऊन मिणमिणला. यंत्रावर मोजलं तेव्हा ज्या उष्णतेला नुसत्या मिठाची काच वीज नेत होती, तिथं ही जवळजवळ ठप्प होती.

साहेबांनी कारण सांगितलं. सोडियम लहान, पोटॅशियम मोठं. प्रत्येकानं आपल्या मापाची जागा करून ठेवलेली असते. सोडियमनं सोडलेली जागा पोटॅशियमला होत नाही, पोटॅशियमची सोडियमला जमत नाही. मग दोघं एकमेकांची वाट अडवून बसतात. दोघंही काम करणारे, दोघांच्याही अंगात बळ, पण काच मात्र अडून राहते.

हे ऐकताना मला हसू आवरेना. साहेब म्हणाले, एवढं हसण्यासारखं काय आहे? मी म्हटलं, सर, आमचं गाव आहे हे.

मी काही सुचवत नाही, मी लहान आहे. फक्त जे पाहिलं ते लिहिते. काचेत कुणी कुणाला ढकलून पुढे जात नाही. पुढच्यानं जागा सोडली तरच मागच्याला सरकता येतं.

त्या पांढऱ्या मूर्तीचा विचार करून मला झोप येत नाही.

रोहिणी

---

कासू
१२ ऑगस्ट २०२५

चि. रोहिणी,

तुझं पत्र रविवारच्या मीटिंगमध्ये पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत वाचलं. खोकला आला होता, तो गिळला.

वाचून झालं. मग हैबतराव म्हणाला, "परत वाच. दोघांत मोठा कोण?" मी म्हटलं, "पोटॅशियम." "म्हणजे राख?" "व्हय, राख." तो मिशीत हसला आणि म्हणाला, "मोठा मी हाय ना? मग मी पयला उठतो. मी मांडी सोडली." मला राहवलं नाही. मी म्हटलं, "मी एकतीस वर्सं बसलोय, पयला मीच उठणार. मी सोडली." त्यावरून पुन्हा भांडण! पहिल्यांदा जागा कुणी सोडली यावर अर्धा तास गेला. शेवटी तुझी काकी दारातून ओरडली, "दोघंपन उठलाव, मग आता बसनार कोन?"

मी म्हटलं, जिनं हे सगळं लिहिलं ती. रोहिणी.

मेंबरांचं एकेकाचं सुरू झालं. बाईमाणसानं कधी आणला नाही, मूर्ती जड असते, रस्ता खराब आहे. मी बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात हैबतराव उठला. बाये, बावीस वर्षांत तो माझ्या बाजूनं एकदाही उठला नव्हता. म्हणाला, "दीड म्हयन्यामागं तुमी सगले बोलत व्हतात, काचेतून वीज जात नाय. गेली ना? मग पोरीच्या मांडीवर गनपती यायला काय झालं?"

मेंबरांनी एकेक करून हात वर केले. अकरावे मेंबरसुद्धा हो म्हणाले.

२६ तारखेला मंगळवारी रजा काढ. सकाळी पेणला कारखान्यात ये. ढोलकी मात्र हैबतरावानं पैजेवर परत मिळवली आहे आणि मला टेंपोत मागे तिच्या शेजारी बसायचं आहे. माझ्या कानाचं माहीत आहेच, देवानं ते वेळेवर बिघडवले.

येशील ना?
महिपतीकाका

ता.क. मी जनी. ये गो बाय. मी नवी साडी घेतलीय.

---

रोहा
२९ ऑगस्ट २०२५

काका,

रात्री रोह्याला पोचले. मांड्या अजून बधिर आहेत. कमळाकरदादांनी कुणाचाच पाट नाकारला नाही. एकावर एक दोन पाट आणि वर बाप्पा! हैबतकाकांचा पाट सागाचा आहे हे मला आता आयुष्यभर लक्षात राहील.

गाडी हायवेला लागली तेव्हा मी इतकी घाबरले होते की प्रत्येक खड्ड्याला ड्रायव्हरला दम देत होते. मग बाप्पाच्या शेल्याचा पदर सारखा करताना त्याचा तो छोटा हात माझ्या मनगटाला टेकला आणि भीती गेली. काका, एकतीस वर्षं तुम्ही हे धरून ठेवलंत ते का, हे मला मंगळवारी कळलं. आणि ते सोडून दिलंत, त्याचं काय करू तेही कळत नाही. पुढच्या वर्षी परत तुम्हीच बसा. मी मनापासून म्हणते.

एक विचारायचं आहे. कासूच्या फाट्याजवळ ढोलकी एकदम थांबली आणि मागून कुणीतरी रडल्यासारखा आवाज आला. तुम्ही होतात का?

रोहिणी

---

कासू
२ सप्टेंबर २०२५

चि. रोहिणी,

पुढच्या वर्षीही तूच. नारळावर हात ठेवून झालं आहे, आणि या गावात नारळावर हात ठेवायला आता मी घाबरतो.

तू पुढे होतीस, मागचं तुला दिसलं नाही म्हणून सांगतो. टेंपो सुटला आणि मी सवयीनं मांडी घालून, दोन्ही हात पुढे करून बसलो. एकतीस वर्षांची सवय, हातांना कोण सांगणार? रिकामी मांडी घेऊन तसाच बसलो होतो. हात खाली घ्यावेत तर तेही जमेना. हैबतराव वाजवता वाजवता माझ्याकडे बघत होता. फाट्याजवळ त्यानं वाजवणं थांबवलं. गळ्यातली ढोलकी काढली, माझ्या मांडीवर ठेवली आणि म्हणाला, "धर. नीट धर, कातडं नवीन हाय."

गावात येईपर्यंत मी ती दोन्ही हातांनी धरून होतो. गणपतीपेक्षा हलकी आहे, पण धरायला काहीतरी होतं.

तू विचारलंस त्याचं उत्तर. मी रडलो वगैरे काही नाही. मिठागरातल्या माणसाच्या अंगात मीठ असतंच. ऊन होतं, तापलं, जागचं सरकलं असेल. तूच लिहिलं होतंस.

काकीनं काचेचे कप पेटीतून बाहेर काढले आहेत.

तुझा
काका

ता.क. मी जनी. मी पत्र वाचलं नाय. पण रडला व्हता. दोघंपन.